दर्भाचा कावळा

शके १९१६च्या चैत्र वद्यात, इसवी सन १९९४चा एप्रिल महिना सरत आला असता, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील नागवेळी या गावी मी एका मृत मनुष्यास त्याच्या घरी पोचवावयास गेलो होतो. तो मृत आहे हे मला ठाऊक नव्हते. त्यालाही नव्हते. आम्ही दोघे एस.टी.तून उतरलो, नाक्यावरच्या टपरीत चहा प्यायलो आणि पोफळींच्या बागांमधून जाणाऱ्या दगडी पाखाडीने चालू लागलो.

"सर, पुढे मी की तुम्ही?" केशव आगाशे याने विचारले.

"तुम्ही. मी चार पावले मागे राहीन."

"आणि मला कुणी ओळखलंच नाही तर?"

"तर तुम्ही आपले नाव सांगावे. तेवढे आता तुम्हाला येते."

तो हसला. वर्षापूर्वी मिरजेच्या धान्यबाजारात तो आम्हाला सापडला तेव्हा त्याला तेही येत नव्हते.

त्या काळी मी मिरजेस एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सुटीच्या दिवसांत 'परतवाट' या संस्थेचे काम करीत असे. रस्त्यावर भ्रमिष्टावस्थेत हिंडणारी माणसे आणावयाची, त्यांच्यावर औषधोपचार करावयाचे, ती शुद्धीवर आली की त्यांच्या तोंडून गावाचे नाव काढून घ्यावयाचे आणि त्यांना घरी नेऊन पोचवावयाचे, असे ते काम. घरी आगाऊ कळवावयाचे नाही, हा आमचा एक नियम होता. पत्र गेले की घर विचार करू लागते, आणि विचार करणारे घर पुष्कळदा 'तूर्त नको' असे उत्तर धाडते. परंतु दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर 'नको' म्हणणे फार अवघड असते. दारात प्रथम तो माणूस दिसावा, सोबती नव्हे, हाही नियमच. आणि त्या घरी त्याला जेवताना पाहिल्यावाचून सोबत्याने माघारी फिरू नये, हा अखेरचा. या तिन्ही नियमांवर कार्यकारिणीत मी मनसोक्त वाद घातले होते व तिन्ही माझ्याच मसुद्याप्रमाणे संमत झाले होते. वाद घालण्याचा मला शौक आहे, हे मी नाकारीत नाही.

घराने न स्वीकारलेला रुग्ण संस्थेत परत आला म्हणजे त्याचे काय होते, हे मी पाहिले होते. तो भांडत नाही, रडत नाही; हळूहळू बोलेनासा होतो, गोळी हातात घेऊन बसून राहतो आणि मग एके सकाळी फाटक उघडे पाहून निघून जातो. केशवचे तसे होऊ नये, एवढीच माझी त्या दिवशीची इच्छा होती.

पाखाडी संपली तेथे कौलारू घर होते. अंगणात उन्हात चटया पसरल्या होत्या आणि एक चाळिशीची स्त्री फणसाचे पापड थापून त्यांवर मांडीत होती. तिच्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी काठीने कोंबड्या हाकीत होती. केशव बेड्याशी थांबला. बेडे म्हणजे कुंपणातले ते आडव्या बांबूंचे फाटक. त्याचा एक बांबू त्याने सवयीने सरकवला आणि दुसऱ्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"काय झाले?" मी मागून हलकेच विचारले.

"सर, ती इंदू. माझी बायको. पण तिचं कपाळ बघा."

मी पाहिले. कपाळ मोकळे होते, गळाही मोकळा होता.

"म्हणजे मी गेलो वाटतं," केशव म्हणाला.

एवढ्यात तिने मान वर केली. पंधरा वर्षांनी नवरा दारात दिसल्यावर बायका किंचाळतात, धावतात, क्वचित शुद्ध हरपतात. मी सर्व प्रकार पाहिले आहेत. इंदुताईंनी यांतले काहीच केले नाही. हातातला पापड त्यांनी चटईवर नीट मांडला, त्याची कड बोटाने सारखी केली, आणि पदराला हात पुसत त्या उभ्या राहिल्या.

"मेधा," त्या मुलीला म्हणाल्या, "देवळात जा. काकांना म्हणावं, असाल तसे या. आणि जाण्यापूर्वी पाणी आण. दोन तांबे."

"आई, कोण आहेत हे?"

"आधी पाणी आण."

मुलीने पाणी आणले. एक तांब्या तिने मला दिला. दुसरा केशवपुढे धरताना ती त्याच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत जो चेहरा ती लहानपणापासून पाहत आली होती, तो आता तिच्या हातचे पाणी पीत होता. तांब्या रिकामा होताच ती धावत सुटली.

थोड्याच वेळात केशवचे थोरले बंधू आले. पुरुषोत्तम आगाशे हे त्या गावचे उपाध्ये. सोवळे नेसलेलेच ते पाखाडीने पळत आले होते. साठी गाठलेल्या माणसाने इतके पळू नये. बेड्याशी येऊन ते थबकले, आणि उभ्या जागीच मुलासारखे हुंदके देऊ लागले. केशव दोन पावले पुढे झाला, तसे ते मागे सरले.

"शिवू नकोस. केशवा, शिवू नकोस रे मला!"

"दादा, मी बरा झालोय. हवं तर सरांना विचार."

"ते नव्हे." त्यांनी डोळे पुसले. "मी जाळलंय तुला. माझ्या या हातांनी."

मग सारे बाहेर आले. बारा वर्षे वाट पाहून झाली, शोध लागला नाही, आणि म्हातारी आई अंथरुणाला खिळली. तिचा एकच घोष होता: माझा केशव कुठेतरी तहानेने तळमळत असेल, त्याला पाणी द्या. बेपत्ता मनुष्याचे बारा वर्षांनी काय करावे हे शास्त्राने सांगून ठेवलेले आहे. पुरुषोत्तमांनी पळसाच्या देठांची आणि दर्भाची माणूसभर आकृती केली, मस्तकाच्या जागी नारळ ठेवला, नदीवर नेऊन तिला अग्नी दिला आणि दिवसकार्य केले. म्हातारी त्यानंतर शांतपणे गेली.

"नारळ जोरात फुटला का?" केशवने विचारले.

"काय विचारतोस हे!"

"नाही, माझंच डोकं, म्हणून विचारतो."

"जोरात फुटला," दादा म्हणाले, आणि रडतारडता त्यांना हसू आले. "आई म्हणायची, घरापर्यंत ऐकू आलं."

"आणि तेराव्याला काय केलंत?"

"घारगे. तुला आवडतात म्हणून."

"मला मिरजेत कुणी पोचवले नाहीत."

मला वाटले, गाठ सुटली. पण पुरुषोत्तम पुन्हा गंभीर झाले. "घरात घेता येणार नाही, केशवा. ज्याचं सारं करून झालं, तो उंबरठा ओलांडत नाही."

आता हा प्रांत माझा होता. बेड्याच्या त्या बांबूंवर हात टेकून मी वादाला उभा राहिलो.

"उपाध्येबुवा, ज्या ग्रंथांनी आपल्याला दहनाचा विधी सांगितला, त्याच ग्रंथांनी परतून आलेल्याचाही विधी सांगितला आहे. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून वर काढावे, तो नव्याने जन्मला असे मानून जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हा करावेत, आणि पूर्वीच्याच स्त्रीशी त्याने पुन्हा विवाह करावा. हे आपणांस अवगत नसेल असे मी म्हणणार नाही."

"अवगत आहे."

"मग अडचण कोठली? विधी माहीत असून तो न करणे हे विधी न जाणण्याहून वाईट."

"एवढं तूप आणायचं कुठून?"

"मस्तकावर धार धरली तरी भागते. कुंभ हा मुख्य पक्ष. धार हा गौण पक्ष, पण मान्य."

"तुम्ही कुठले?"

"मिरजेचा. संस्कृत शिकवतो."

"तरीच," ते म्हणाले. मग आवाज उतरवून बोलले, "मास्तर, तुम्ही ग्रंथ सांगता, मी माझं सांगतो. हा पुन्हा गेला तर? गेल्या वेळी सांगून नव्हता गेला. चिपळूणला जाऊन येतो म्हणाला, तो गेला तो गेलाच. पुन्हा बारा वर्षं मी या पाखाडीकडे डोळे लावून बसू? आणि मग पुन्हा पळसाची देठं गोळा करू? मला नाही व्हायचं ते. एकदा कसंबसं झालं."

हा युक्तिवाद नव्हता; येथे ग्रंथांचे काम नव्हते. मी म्हणालो, "गोळ्या चालू असतील तोवर तो जाणार नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. महिन्यातून एक सुई, रात्री दोन गोळ्या."

"रोज?"

"रोज. मधुमेहाला घेतात, तशाच."

पुरुषोत्तम केशवकडे वळले. "गोळ्या घेशील ना रे?"

"घेईन, दादा."

"मग परवाचा दिवस बरा आहे," ते एकदम म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात उपाध्येपणाचा उत्साह शिरला. "सकाळी घृतस्नान, लगेच जातकर्म, नामकरण. मुंज दुसऱ्या दिवशी. विवाहाला अक्षय्य तृतीया सापडते. काय मास्तर?"

"उत्तम," मी म्हणालो. "विवाहहोम मात्र संक्षेपाने नको."

"संक्षेप कशाला? यथासांग करू!"

आमची दोघांची अशी दिलजमाई झाली असता ओटीवरून आवाज आला.

"ठरलं का सगळं?"

इंदुताई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या केव्हापासून तेथे होत्या, हे आम्हा दोघांच्याही ध्यानी आले नव्हते.

"ठरलं, इंदू," पुरुषोत्तम म्हणाले. "देवाची कृपा."

"जन्म ठरला, नाव ठरलं, मुंज ठरली, लग्नही ठरलं. नवरीला विचारायचं असतं, असं कुठल्या ग्रंथात आहे का हो, मास्तर?"

"आहे," मी म्हणालो. "त्या बाबतीत मतभेद असे आहेत की—"

"राहू द्या ते मतभेद." त्या पायरीवर येऊन बसल्या. "भावजी, दहाव्याला पिंड ठेवलात, तेव्हा काय झालं होतं, सांगा मास्तरांना."

"इंदू, आता ते कशाला?"

"मग मी सांगते. कावळा शिवला नाही. झाडावर होते, खाली उतरले, दोन हातांवर येऊन बसले, पण पिंडाला एक शिवेना. भावजी हात जोडून म्हणाले, आईकडे बघू, शिवला नाही. म्हणाले, मेधाचं लग्न थाटानं करू, शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं, बायका कुजबुजायला लागल्या. मी भावजींना म्हटलं, अहो, कावळा शिवत नाही याचा अर्थ ते आहेत. जिवंत आहेत. कुणी ऐकलं? भावजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिवला एकदाचा."

"शास्त्रात आहे तसं," पुरुषोत्तम क्षीण स्वरात म्हणाले.

"असेल. पण त्या संध्याकाळी माझं मंगळसूत्र उतरवलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आज घाला म्हणता, तेव्हाही कुणी विचारलं नाही."

पुरुषोत्तमांनी मान खाली घातली होती. मग केशव बोलला, आणि तो बेड्याच्या बाहेरूनच बोलला.

"तिचं बरोबर आहे, दादा. तुला ठाऊक नाही सगळं. जाण्यापूर्वी दोन महिने मी तिच्या हातचं खात नव्हतो. ती विष घालते, असं मला ऐकू यायचं. ती ताट वाढायची, मी ते सरकवायचो आणि नाक्यावर जाऊन पाव खायचो. मेधा तेव्हा अंगावर पीत होती. तिलाही पाजू देत नव्हतो." त्याने माझ्याकडे पाहिले. "हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं, सर."

"आता ऐकू येतं का?" इंदुताईंनी विचारले.

"कधीकधी. लांबून. रेडिओ शेजारच्या घरी लागावा, तसं."

"काय म्हणतो रेडिओ?"

"हल्ली मी लक्ष देत नाही. गोळ्या घेतल्या की नीट लागतच नाही तो."

त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटले, निकाल लागला. मी मनाशी परतीच्या गाडीचा विचारही करू लागलो. चिपळूणहून कराडची गाडी, कुंभार्लीचा घाट, आणि शेजारच्या आसनावर हळूहळू मुका होत जाणारा हा माणूस. पुरुषोत्तम काहीतरी पुटपुटत होते. ते स्तोत्र होते की स्वतःला दिलेले दूषण, हे मला कळले नाही.

इंदुताई परत आल्या त्या हातात केळीचे पान घेऊन. अंगणातच, बेड्याच्या आतल्या बाजूला, पापडाच्या चटयांशेजारी त्यांनी ते मांडले. भात, वरण, बरक्या फणसाची भाजी आणि लोणच्याची फोड. मेधा पाट घेऊन मागोमाग आली.

"भावजी, हे काही घर नव्हे. उंबरठा लांब आहे. इथे बसवायला हरकत आहे?"

पुरुषोत्तमांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हरकत नाही. अंगण हे गृह आहे किंवा नाही याविषयी दोन पक्ष आहेत. आज आपण दुसरा घेऊ."

केशव आत आला आणि पाटावर बसला. इंदुताई समोर जमिनीवर बसल्या, कोणी बाळाला भरवताना बसते तितक्या जवळ.

"माझ्या हातचं आहे," त्या म्हणाल्या.

त्याने पानाकडे पाहिले. मी आजवर पुष्कळ माणसांना पुष्कळ घरांत जेवताना पाहिले आहे. तो क्षण मात्र मला इतका लांबलचक वाटला की मेधाने हाकललेली कोंबडी चटईपर्यंत परत आली तरी कोणी हालले नाही. त्याने वरणभात कालवला. घास तोंडाशी नेला, थांबला, इंदुताईंकडे पाहिले, आणि खाल्ला. मग दुसरा. मग त्याचे डोळे भरून आले व तो भराभरा जेवू लागला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आहे अजून."

पुरुषोत्तम वळून कुंपणाकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हालत होते.

पान पुसून झाल्यावर इंदुताई म्हणाल्या, "परवा जन्माला घाला ह्यांना. नाव ठेवा, मुंज करा. पडवीत अंथरूण घालीन. जेवायला मी वाढीन, गोळ्या मेधा देईल. पण लग्न मी आत्ता करणार नाही."

"कधी करशील?" पुरुषोत्तमांनी विचारले.

"ते मी सांगेन. करीन की नाही, तेही मीच सांगेन. चालेल ना तुम्हाला?" हा प्रश्न केशवला होता.

"चालेल," केशव म्हणाला. "मी तरी असा ओळखीचा कुठे आहे?"

पाचव्या दिवशी मी निघालो तेव्हा केशवचा जन्म, बारसे आणि मुंज ही सर्व आटोपली होती. त्याच्या मस्तकावर तुपाची धार धरली तेव्हा पहिला हात पुरुषोत्तमांनी लावला, आणि तो हात कितीतरी वेळ त्यांनी तेथून काढला नाही. तूप भावाच्या कानांवरून मानेवर ओघळत होते व ते मंत्र विसरले होते. पुढचा चरण मला सुचवावा लागला.

संस्थेच्या रीतीप्रमाणे पोचवलेल्या माणसाची वास्तपुस्त करावयास मार्गशीर्षात मी पुन्हा नागवेळीस गेलो. नाक्यावर उतरताच चहावाला म्हणाला, "आगाशांकडे ना? नवरदेव अजून परीक्षेलाच बसलाय हो!" गावाला या प्रकरणाची मोठी गंमत वाटत होती, आणि गंमत वाटत होती म्हणूनच कोणी त्याविषयी वाईट बोलत नव्हते.

पुरुषोत्तम मला पाखाडीतच गाठून बाजूला घेऊन गेले.

"तुम्ही विचारून बघा, मास्तर. मी विचारलं की म्हणते, अजून बघते आहे. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झालेत. मी रोज पंचांग उघडतो आणि मिटतो."

"आणि केशव?"

"तो काही विचारतच नाही. बागेला पाणी लावतो, रात्री गोळ्या घेतो, मेधाची गणितं सोडवतो. सोडवतो म्हणजे, दोघं मिळून चुकतात."

केशव बागेत होता. त्याने लांबूनच हात केला आणि पाटाचे पाणी दुसऱ्या आळ्यात वळवावयास तो वाकला. त्याच्या अंगावर मांस चढले होते, उन्हाने रापला होता. इंदुताई ओटीवर सुपाऱ्या सोलीत बसल्या होत्या. कपाळ तसेच मोकळे होते. मी पायरीवर बसलो. मेधाने चहा आणून दिला आणि ती दाराआड उभी राहिली. तिची सावली भिंतीवर दिसत होती.

मी गोळ्यांची चौकशी केली, सुईची केली, झोपेची केली. साऱ्यांची उत्तरे समाधानकारक होती. पुढचा प्रश्न संस्थेच्या अखत्यारीतला नव्हता, तरी विचारला.

"बाकी? आपले काय मत झाले?"

इंदुताईंनी हातातली सुपारी सोलून पूर्ण केली. बागेकडे एकदा पाहिले.

"रागीट नाही," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं की लपवत नाही, येऊन सांगतो, आज रेडिओ लागलाय म्हणून. मग आम्ही दोघं बसून राहतो, थांबेपर्यंत. परवा आमटीत मीठ जास्त पडलं, तर खारट झाली म्हणाला. तोंडावर. आणि वाटी संपवली."

"ही तक्रार आहे की प्रशंसा?"

"पूर्वी नुसतं ताट सरकवायचे."

त्या सुपाऱ्यांचे सूप बाजूला ठेवून उठल्या, आणि दाराआडच्या सावलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"भावजींना सांगा, पंचांग उघडा म्हणावं. मुलगा चांगला आहे."